रांगेबाहेरची वाटी

हेंद्रेपाड्यातल्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे पाटावर एका रांगेत पाच पालथ्या वाट्या, त्यातल्या एकीखाली लिंबू. ते सापडलं की प्रश्न विचारणाऱ्याचं काम होणार. समोर गळ्यात हार घातलेला महिपती. त्याचा हात एका वाटीला लागला. चेल्याने ती उचलली. लिंबू!

"तुमचं काम झालं, सौ टका गॅरंटी!" उल्हासनगरहून आलेले धर्मराजबाबा गरजले. "याच्या अंगात देव आहे. त्याला डोकं शांत करायच्या गोळ्या चारल्या तर देव घोरत पडेल, काय?"

लोक हसले आणि महिपतीच्या पाया पडले. त्याची आई, चांगुणाबाई, डोळे पुसत होती. कालपर्यंत हेच लोक त्याला येडा म्हणत.

बहीण मालिनी त्याच्या हातांकडे बघत होती. ती आनंदनगरमधल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. महिपतीला स्किझोफ्रेनिया होता, जोडीला मंत्रचळ. बाबांच्या शब्दावर आईने गोळ्या बंद केल्या, तेव्हापासून कानातले आवाज परतले होते. ते सांगत म्हणून त्याने जेवणही सोडलं होतं. धुऊन धुऊन हात सोलवटले होते. घरात चपला, डबे तो रांगेत लावत बसे. एखादा पुढेमागे झाला की त्याचा जीव घाबरा होई.

आणि इथे चेला दर वेळी लिंबावरचीच वाटी बोटभर पुढे ठेवत होता.

"बाबा, एकदा मी मांडू?"

"मांड की बेटी! देवाला काय, कुणाचाही हात चालतो!"

मालिनीने महिपतीला पाठ करून बसवलं. लिंबू सगळ्यांना दाखवून टोकाच्या वाटीखाली ठेवलं, ती वाटी रांगेत बसवली आणि मधली रिकामी वाटी बोटभर पुढे ओढली.

महिपती वळला. हात मधल्या वाटीवर. खाली नुसता पाट.

"देव रुसला!" बाबा म्हणाले.

"रुसला असेल. परत बघू." तिने पुन्हा तसंच मांडलं. हात पुन्हा मधल्याच वाटीवर.

"लिंबू कुठेही ठेवा," मालिनी लोकांना म्हणाली, "तो रांगेबाहेरची वाटी नीट करायला जातो. या आजारात लक्ष एकदा अडकलं की सोडवणं जड जातं. आत्ताच रिकामी निघाली, तरी हात तिथेच गेला ना? बाबांनी त्याचा आजारच वापरला."

मागून एक काका उठले. "म्हणजे माझ्या पोरीचं लग्न जमणार नाही?"

"जमेल, काका. फक्त वाटीला विचारू नका."

बाबांना उल्हासनगरचं तातडीचं काम आठवलं.

सभागृह रिकामं झालं, तरी आई हलेना. "आता याला कोण विचारणार गं? पाया पडत होते लोक."

"त्यातल्या एकाने तरी तो जेवला का म्हणून विचारलं? आई, गोळ्यांनी सगळं पूर्वीसारखं होईल असं नाही. पण आवाज कमी होतील, तो जेवेल. येडा म्हणा नाहीतर देव म्हणा, दोन्हीत औषधाची आठवण कुणाला होत नाही. आजारी म्हणू या, म्हणजे डॉक्टरांकडे नेता येईल."

चांगुणाबाईने महिपतीचा सोलवटलेला हात हातात घेतला.

"दवाखाना किती वाजता बंद होतो?" तिने विचारलं.