क्रमांक सात कोण?

"तुझ्या त्या अभ्यासाचा कुणाला काही उपयोग होतो का गं?" हा प्रश्न सासूबाई मला गेली आठ वर्षं विचारताहेत. मी हसून वेळ मारून नेते. यंदा तोच प्रश्न आमच्या संस्थेने छापील फॉर्मवर विचारला आणि माझं हसू मावळलं. 'आपल्या संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम, पुराव्यासह.' शुक्रवारपर्यंत पुरावा दिला नाही तर प्रकल्प बंद, आणि प्रकल्पाबरोबर मीही घरी.

माझा अभ्यास दाखल्यांच्या कार्यालयाचा. चार महिने मी तिथल्या बाकावर बसून, खिडकीआतली माणसं बाहेरच्यांशी काय बोलतात ते टिपत होते. एका दाखल्यासाठी किती खेपा पडतात हे नियमांपेक्षा त्या बोलण्यावर ठरतं, असं माझं म्हणणं. अहवालात नावं द्यायची नाहीत, हा आमच्या कामाचा पहिला नियम. म्हणून प्रत्येकाला क्रमांक दिला, तोही एक ते दहाच्या चिठ्ठ्या टाकून. त्यातला क्रमांक सात म्हणजे नगच. या व्यक्तीने एका दिवसात एकेचाळीस वेळा 'उद्या या' म्हटलं होतं, कारण एकदाही न सांगता.

त्या कार्यालयाला अहवाल पाठवून वर्ष झालं होतं. कुणी उघडला असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. काही पुरावा मिळतो का बघायला मंगळवारी तिथे गेले आणि चाटच पडले. कोणते कागद लागतात त्याची यादी पाचही खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेली. एका म्हातारीला तर कारकून चक्क म्हणाला, "बसा मावशी, आत्ता देतो!" दुपारपर्यंत 'उद्या या' फक्त दोनदा ऐकू आलं, आणि दोन्ही वेळा कारण सांगून.

चहाच्या वेळी पहिल्या खिडकीवरच्या जाड चष्म्याच्या काकांनी मला जिन्याखाली गाठलं.

"ताई, खरं सांगा. तो सात नंबर मीच ना? वाचल्यापासून मेल्याहून मेल्यासारखं झालंय. बायकोलासुद्धा बोललो नाही."

"काका, ते सांगता येत नाही मला."

त्यांनी ते 'हो' असंच धरलं आणि मान हलवत निघून गेले. मग तिसऱ्या खिडकीवरच्या बाईने झेरॉक्स मशीनमागे तोच कबुलीजबाब दिला. कार्यालय बंद होईपर्यंत पाचही जण एकेकटे येऊन गेले. एकमेकांना पत्ता लागू न देता पाचही जण वर्षभर गुपचूप सुधारत होते! माझ्या पोटात हसू मावेना.

तुमच्या-माझ्यात सांगते, त्यांच्यापैकी एकही सात नव्हता. सात म्हणजे कार्यालयाचे खुद्द साहेब. कुणीतरी रजेवर होतं म्हणून ते एक दिवस खिडकीवर बसले होते.

आणि संस्थेला पुरावा म्हणून द्यायच्या पत्रावर सही त्यांचीच लागणार होती.

"देतो की पत्र!" साहेब खूश होऊन म्हणाले. "फक्त तो सात नंबर कोण तेवढं सांगा, मॅडम. अशी लांब बदली करतो त्याची, की आठवण राहील."

"नाव सांगता येत नाही, साहेब."

"मग मलाही पत्र देता येत नाही."

बुधवारचा दिवस मी घरात चिडचिड करण्यात घालवला. नोकरी जाणार हे दिसत होतं. पाचांपैकी एकाचं नाव घेतलं असतं तरी काम झालं असतं, त्याने स्वतःच कबूल केलेलं होतं की! हा विचार आला आणि मला माझीच लाज वाटली.

गुरुवारी मी शेवटचं विचारायला गेले, तर साहेबांच्या टेबलावर पाच बंद पाकिटं पडली होती. बदलीची गोष्ट दारातल्या शिपायाच्या कानावर गेली होती, म्हणजे सगळ्यांच्याच. साहेबांनी माझ्यासमोर एकेक पाकीट फोडलं. मजकूर थोड्याफार फरकाने तोच : 'क्रमांक सात मी आहे. अहवाल वाचून मी बदललो. माझी बदली करा, पण बाईंना पत्र द्या.'

"सात नंबर पाच आहेत?" साहेब ओरडले. मला हसू आवरेना.

ते मात्र हसले नाहीत. त्यांनी पत्रं पुन्हा वाचली. मग खुर्चीतून उठून काचेपलीकडे वाकलेल्या त्या पाच डोक्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, मीही एक दिवस खिडकीवर बसलो होतो. तुम्ही होतात त्या दिवशी?"

"ते सांगता येत नाही, साहेब."

"एकेचाळीस वेळा?"

"अहवालात तसं आहे."

ते खाली बसले. कार्यालयाच्या पत्रावर सही करून शिक्का मारला. मग एक कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या. त्यांनी तो कागद त्या पाच पत्रांवर ठेवून गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"हेही जोडा," ते म्हणाले. "नाव तेवढं खोडा."