हात काकूंचे, नाक काकांचं

काकूंच्या बिस्किटांचं कौतुक करणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती बिस्किटं अर्धी काका भाजत, आणि तेही पलंगावर पडल्या पडल्या.

काकांनी जन्मभर ट्रक चालवला. मग एका सकाळी झटका आला, डावं अंग लुळं पडलं आणि एवढा फिरस्ता माणूस स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत खिळून राहिला. तोंड तेवढं शाबूत होतं. याचं आपल्याला अर्धं सुख आहे आणि अर्धं दुःख, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि काका आतून त्यावर काहीतरी खवचट बोलत. पुढे काकूंना साधासा ताप आला. ताप गेला, पण जाताना नाकातलं सगळं घेऊन गेला. कांदा, साबण, रॉकेल, सगळं एकच. म्हणजे काहीच नाही.

आता काकूंनी कधी घड्याळ लावून बिस्किटं भाजली असतील तर शपथ. त्यांचा गॅसचा ओव्हन मालकिणीइतकाच लहरी, एक दिवस भडकायचा, एक दिवस नुसता कोमट. दाराची काच भाजून भाजून तपकिरी झालेली, आतला दिवा कधीचा गेलेला. काकू सगळं वासावर करत. तो गेल्यावर पहिल्यांदा बिस्किटं कच्ची निघाली, दुसऱ्यांदा करपली, तिसऱ्या वेळी काकू ओट्याला टेकून रडायला लागल्या. तेव्हा आतून काका म्हणाले होते, "रडतेस काय? मधलं दार सताड उघडं ठेव आणि मी सांगेन तेव्हा काढ."

तेव्हापासून असं चाललं होतं. काकू बटर आणि साखर फेटून पांढरीशुभ्र करायच्या, मैदा मळायच्या, लिंबाएवढे गोळे करून अंगठ्याने खळगा पाडायच्या आणि त्यात लाल जॅम घालायच्या. ट्रे आत गेला की पलंगावरच्या माणसाची नोकरी सुरू. आधी जॅमचा आंबटगोड वास येई, मग बटरचा, आणि शेवटी भाजल्या मैद्याचा. तो आला की काका ओरडत, "काढ." चुकून कधी चुकले नाहीत.

दोघांत अबोले पुष्कळ होत. काकू तर हां हां म्हणता तोंड फुगवून बसत. पण "काढ" हा शब्द अबोल्यात धरायचा नाही, असा दोघांचा न बोलता ठरलेला करार होता. चार चार दिवस एकमेकांशी न बोलणारी ही दोन माणसं तेवढ्या एका शब्दावर बिस्किटांचा धंदा चालवत.

हे सगळं मुलीपासून लपवायचं होतं. मुलगी वाईट नव्हती, पण काळजीने तिचा जीव टांगणीला लागलेला असे. तिचं घर लहान. त्यात आई मावली असती, पलंगाला खिळलेला बाप मावला नसता. त्याच्यासाठी तिने अंथरूण धरलेल्यांना सांभाळणारी एक जागा बघून ठेवली होती. आईला वास येत नाही आणि ती दिवसभर गॅसपाशी उभी असते, हे कळल्यावर तिने दोघांना एकत्र राहू दिलंच नसतं. म्हणून काका-काकूंनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

त्या दिवशी मुलगी संध्याकाळी येणार होती. सकाळी काकूंनी दूध तापत ठेवलं आणि त्या न्हाणीघरात गेल्या. दूध उतू जाऊन शेगडी विझली. गॅस तसाच सुटत राहिला. काकांनी बोंब मारून मारून घसा फोडला, तेव्हा कुठे काकूंना ऐकू गेलं. खिडक्या उघडून झाल्या, पंखा लावावा का नाही यावर एक भांडण झालं, आणि मग काका शांतपणे म्हणाले की आज आपण मुलीला सगळं सांगणार.

काकूंना वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती.

"तुम्हाला त्या जागेत नेऊन टाकतील, कळतंय का?"

"टाकू देत. तू जिवंत तरी राहशील."

काकूंनी यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. ज्याच्या पाठीला फोड येऊ नये म्हणून आपण दिवसातून दहा वेळा त्याची कूस बदलतो, तो खुशाल टाकू देत म्हणतो! त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. त्या स्वयंपाकघरात आल्या आणि बटर असं फेटायला लागल्या की भांडं ओट्यावर नाचायला लागलं. अबोला सुरू झाला.

पहिल्या ट्रेला "काढ" आलं. कोरडं, पण वेळेवर. बिस्किटं कडेला सोनेरी, मधे जॅम चमकतोय. दुसरा ट्रे आत गेला. काकू स्टुलावर बसून वाट बघू लागल्या.

आवाज येईना.

एरवी काकू उठून बघायला गेल्या असत्या. आज त्यांना वेगळंच सुचलं. हे मुद्दाम चाललंय. माझ्यावाचून तुझं कसं अडतं बघ, हे दाखवायचंय. मुलीसमोर करपलेला ट्रे ठेवायचा, म्हणजे सांगायलाच नको. करार मोडला म्हणजे मोडलाच की!

ओव्हनच्या दाराच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघाली. काकूंनी ती पाहिली. हात पुढे केला असता तर निम्मी बिस्किटं वाचली असती. पण काकू इरेला पेटल्या होत्या. जळू देत, बघू या किती वेळ गप्प बसतात ते, असं म्हणून त्यांनी हाताची घडी घातली.

आतून स्टीलचा पेला जमिनीवर पडल्याचा आवाज आला. गडगडत गेला आणि भिंतीला लागून थांबला. आता भांडी फेकायची वेळ आली का, असं काकूंच्या मनात आलं. धूर छतापाशी जमला. डोळे चुरचुरले. तरी त्या उठल्या नाहीत.

शेवटी खोकला आवरेना तेव्हा त्यांनी गॅस बंद केला, काळाठिक्कर पडलेला ट्रे फडक्यात धरला आणि तो तसाच घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. वाक्य तोंडात तयार होतं.

काकांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. चांगला हात उशाच्या स्टुलावरून खाली लोंबत होता, पेला जिथे असायचा तिथून. डोळे उघडे होते आणि दाराकडे लागलेले होते. ओठांतून लाळेबरोबर नुसता घरघर आवाज येत होता. काकूंनी ट्रे कुठे टाकला हे त्यांना पुढे कधीच आठवलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कधी सुरू झालं. यात पहिला थोडा वेळच महत्त्वाचा असतो, असंही ते म्हणाले. दिवस मावळायच्या आत काका गेले.

मुलगी आली, रडली, आणि घरी आल्यावर तिला जमिनीवर विखुरलेला तो कोळसा दिसला. स्वयंपाकघरात असून एवढं जळेपर्यंत तुला कळलं कसं नाही, असं तिने विचारलं. तेव्हा काकूंनी वर्षभर लपवलेलं सांगून टाकलं. मुलीने त्यांना घट्ट मिठी मारली. मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगू लागली की आईला वास येत नाही हो, तिला बिचारीला कसं कळणार. माणसं हळहळत. शेजारीण तर काकूंचा हात हातात घेऊन बसली आणि म्हणाली, यात तुमचा काही दोष नाही.

काकूंनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मुलगी त्यांचे कपडे बॅगेत भरत होती तेव्हा त्या म्हणाल्या, "धूर दिसत होता मला."

मुलीने हातातली साडी खाली ठेवली.

"पेला पडला तोही ऐकला मी. बसून राहिले."

मुलगी त्यांच्याजवळ आली. तिने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि हलकेच म्हणाली, "असं काहीबाही मनात आणू नकोस, आई. दमलीयस तू."

काकूंनी पुन्हा सांगितलं. मुलीने मान हलवली, त्यांना पाणी दिलं आणि बॅगेची चेन लावली.