सिनेमा संपतो तिथून पुढे

कठड्याला धरून बारकी एकेक पायरी आडवी उतरत होती. तिच्या आईच्या लगेच लक्षात आलं, पोरीचा गुडघा पुन्हा सुजलाय.

"आज सरावाला जाऊ नकोस," आई म्हणाली.

"बाबांना विचार," बारकी पुटपुटली.

बाबा टायरच्या कारखान्यात सुपरवायझर होते. हातातला चहाचा कप खाली न ठेवताच त्यांनी निकाल दिला, "रविवारी व्हॉलीबॉलची फायनल आहे. खेळ म्हटला की दुखणारच! तुझ्या आत्यानं काय केलं होतं, विसरलीस?"

विसरणार कशी? त्या घरात ती गोष्ट ऐकतच बारकी मोठी झाली होती. सूतगिरणीतल्या मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ; पायांत धड बूट नाहीत, सरावाला गिरणीमागचं खडबडीत आवार. आणि त्या मुलींनी देशातले भलेभले संघ हरवले! पुढे त्यावर सिनेमा निघाला आणि तुफान चालला. त्यातला शेवटचा प्रसंग तर लोकांना तोंडपाठ. नायिका गुडघा धरून कोसळते आणि कोच ओरडतो, "ऊठ! दुखणं उद्या, आज खेळ!" ती उठते, शेवटचा फटका मारते, संघ जिंकतो. ती नायिका म्हणजे बाबांची सख्खी थोरली बहीण. कारखान्यात कुणी कंबर धरली म्हणून सुट्टी मागायला आला, तरी बाबा त्याला हेच वाक्य ऐकवत. बिचारा हसल्यासारखं करून पुन्हा मशीनवर जाई.

त्या आठवड्यात तो जुना सिनेमा थिएटरला पुन्हा लागला. फायनलच्या आदल्या दिवशी बाबा सगळ्यांना घेऊन गेले. आत्यानं तो इतकी वर्षं पाहिला नव्हता. कुणी विचारलं तर "मला ठाऊक आहे ना काय झालं ते," म्हणून विषय संपवायची. या वेळी बारकीनं हट्टच धरला म्हणून ती आली.

शेवटच्या प्रसंगाला अख्खं थिएटर कोचबरोबर ओरडलं. टाळ्या, शिट्ट्या! बाबांचे डोळे भरून आले. बारकीनं कौतुकानं शेजारी पाहिलं, तर आत्या डोळे मिटून, दोन्ही हातांनी आपला गुडघा घट्ट धरून बसली होती.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच आत्या म्हणाली, "उद्या हिला खेळवू नकोस."

"ताई, हे तू म्हणतेस?" बाबा थक्क झाले.

"मीच म्हणणार. मला इंजेक्शन टोचून उभं केलं होतं. तो फटका खरा, जिंकलो तेही खरं. पण पुढे काय झालं, ते तू पाहिलंस ना? याच घरात होतास की!"

बाबा खाली वाकून चपलेचा पट्टा सोडवू लागले.

"मशीनपाशी उभं राहता येईना, म्हणून गिरणीनं मला घरी बसवलं. कोचला मात्र बढती मिळाली. सिनेमावाले आले तेव्हा मी हे सगळं सांगितलं. म्हणाले, 'ताई, लोकांना आनंदात घरी जाऊ द्या.' त्यांनी खोटं दाखवलं नाही रे. फक्त लवकर संपवलं."

"पण तुझ्यामुळे किती जणांना उभारी आली!"

"आली असेल. मला मात्र खुर्ची धरल्याशिवाय उभं राहता येत नाही."

"उद्याचा एक दिवस, ताई. मग तिला हवी तेवढी विश्रांती देऊ."

आत्यानं आपली काठी उचलली. "माझा कोचही अगदी हेच म्हणाला होता," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

बारकी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला कुणीच काही विचारलं नाही.

रविवारी क्रीडागृह गच्च भरलं होतं. संघाच्या सरांनी बारकीच्या गुडघ्याला पट्टी आवळून बांधली आणि पाठीवर थाप मारली. ती छान खेळली, खोटं कशाला बोला! पण सामना अगदी रंगात आला असताना ती उडी मारून खाली आली, ती गुडघा धरूनच बसली.

बाबा प्रेक्षकांत उभे राहिले. "ऊठ! दुखणं उद्या, आज खेळ!"

ते वाक्य कुणाला माहीत नव्हतं? आसपासच्यांनी ते उचललं. बघता बघता सगळं क्रीडागृह ठेका धरून ओरडू लागलं, "ऊठ! ऊठ! ऊठ!" लोक हसत होते, बाकांवर पाय आपटत होते. त्यांना वाटत होतं, आपण तिला बळ देतोय.

बारकीनं मान वळवून बाबांना शोधलं. दात आवळले आणि उठली. केवढा जल्लोष झाला! चेंडू वर आला, ती झेपावली, आणि खाली आली तेव्हा तिचा पाय नको त्या दिशेला वळला. तिची किंकाळी ऐकून सगळे एकदम गप्प झाले.

बाबांना जागचं हलता येईना. त्यांच्याआधी आत्याच काठी टेकत मैदानात पोचली, पंचांना न जुमानता पोरीजवळ फरशीवर बसली आणि ओरडली, "आता हिला कुणी ऊठ म्हणायचं नाही!"

बदली मुलगी उतरली आणि संघ जिंकलासुद्धा. बारकीला स्ट्रेचरवरून नेत होते, तेव्हा आतून बँडचा आवाज येत होता.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, चालेल-फिरेल, पण उड्या मारणं आता विसरा. बाबा खाटेशी बसून राहिले. शेवटी बारकीच भिंतीकडे बघत म्हणाली, "उठायचं नाही, हे मला कळत होतं, बाबा. पण तुम्ही ओरडत होतात ना."

ना राग, ना रडणं. बाबांनी तोंडावर हात घेतला. त्या पोरीचा गुडघा मैदानात गेला नव्हता. तो आपण घरात बसून घालवला होता!

पुढे एका शाळेनं तो सिनेमा दाखवला आणि नायिकेचे भाऊ म्हणून बाबांना बोलावलं. दिवे लागले, टाळ्या झाल्या, बाबा माईकपाशी आले. "मुलांनो, आता पुढचं सांगतो," म्हणून त्यांनी बहिणीचं सांगितलं, मग मुलीचं सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत. मुख्याध्यापिका कुजबुजल्या, "मुलांचा सगळा उत्साह घालवलात हो!"

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. क्रीडाशिक्षकांकडे बघत, चाचरत म्हणाली, "सर, माझा खांदा खूप दिवस दुखतोय. मी सांगितलं नव्हतं." सरांनी कपाळाला आठी घातली. बाबा म्हणाले, "ओरडू नका, सर. हे सांगायला तिला किती धीर करावा लागला असेल!"

कारखान्यात आता कुणी कंबर धरून आला, की बाबा आधी त्याला बसायला खुर्ची देतात. बारकी अजून त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. ते तक्रार करत नाहीत.

वाचकहो, जिद्दीच्या गोष्टी आपण जरूर पाहाव्यात, डोळे भरून पाहाव्यात. पण "ऊठ" म्हणणाऱ्याचं काहीच दुखत नसतं, एवढं भान राहू द्या. आपलं मूल, आपला कामगार, आपला खेळाडू "दुखतंय" म्हणाला, तर त्याला आधी खाली बसवा आणि कुठे दुखतंय ते विचारा. आपल्या टाळ्या घटकाभराच्या असतात. शरीर त्याला जन्मभर वागवायचं असतं!