खोक्यावरचं नाव

आईची रक्तदाबाची गोळी परदेशी कंपनीचीच हवी, यावर गिडुडू अडून बसला होता. म्बाले शहराच्या बाजारात त्याचं मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. नकली माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे त्याने पाहिले होते, त्यामुळे स्वस्त म्हटलं की त्याच्या मनात पाल चुकचुकायची. औषधवाल्याने तेच औषध साध्या खोक्यात पुढे केलं, की तो म्हणायचा, "ते राहू दे. आईसाठी आहे." शेजारीपाजारी कौतुक करत, आणि खोटं कशाला बोला, ते त्याला आवडायचंही.

आई, नाम्बोझो, सगळं बघत होती. गोळीच्या खर्चापायी घरात मांस शिजेनासं झालं, नातीचे फाटके बूट पुन्हा शिवून आले. मुलाला सांगून उपयोग नव्हता. खोकं जास्त दिवस पुरावं म्हणून ती गुपचूप एक दिवसाआड गोळी घेऊ लागली.

एका रविवारी मटोके शिजवायला हिरवी केळी सोलताना तिच्या हातातली सुरी गळून पडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द फुटेना. गिडुडूने तिला उचलून दवाखाना गाठला. नशीब बलवत्तर, संध्याकाळपर्यंत तिची जीभ वळू लागली.

डॉक्टर नाबुक्वासींनी विचारलं, "रक्तदाब वाढून पक्षाघाताचा झटका आलाय. गोळी रोज घेतात ना?"

"रोज. तीही सगळ्यात भारी," गिडुडू म्हणाला.

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. "एक दिवसाआड," ती अडखळत बोलली. "तुझी ओढाताण बघवत नव्हती रे."

ज्या गोळीचा गिडुडूला एवढा अभिमान, तीच घराला परवडेनाशी झाली होती, आणि त्याला पत्ताही नव्हता.

डॉक्टर त्याला व्हरांड्यात घेऊन गेल्या. त्या रागावल्या नाहीत. मग तोच चिडून म्हणाला, "आईला नकली औषध द्यायचं होतं का मी?"

"नकली वेगळं आणि साध्या नावाचं, जेनेरिक म्हणतात ते, वेगळं," त्या म्हणाल्या. "दुकानात तुम्ही एकाच कंपनीचे ब्रेक विकता?"

"नाही. दुसऱ्या कारखान्यांचेही ठेवतो. पण पारखून घेतो."

"मग औषधाचीही पारख होते. आतलं औषध तेच, मात्राही तेवढीच, आणि सरकारने तपासून परवाना दिलेला. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, बदलायचं तर आधी आम्हाला विचारा. पण रोज द्या. डब्यात उरलेली गोळी कितीही नावाजलेली असली, तरी रक्तदाब उतरवत नाही."

दुसऱ्या दिवशी गिडुडूने डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून साधं खोकं मागितलं. शेजारी उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाने टोमणा मारलाच, "काय रे, आईला आता हे?"

गिडुडूचे कान तापले. पण त्याने खोकं लपवलं नाही. "हो, आईलाच," तो म्हणाला. "आणि रोज."

पुढे आईचा रक्तदाब आटोक्यात आला. उजव्या हातातला अशक्तपणा मात्र थोडा राहून गेला, आणि तो दिसला की गिडुडूला अजूनही चुटपुट लागते.

मंडळी, आपल्या माणसावरची माया औषधाच्या किमतीवर तोलू नका. स्वस्त दिसलं म्हणून नाक मुरडण्याआधी जाणकार डॉक्टरांना विचारा, आणि घरातलं माणूस गोळी खरंच घेतंय ना, हे रोज जवळ बसून बघा.