सांदणांचा डबा

रशीदाने पितळी डबा त्या गोऱ्या बाईच्या हातात दिला आणि हनीफला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईने ताक घुसळणं थांबवलं. मागे रांगेत कंपनीचं अर्धं ऑफिस उभं होतं.

चूक त्याचीच. अडुसष्टच्या हिवाळ्यात तेल कंपनीच्या अमेरिकन साहेबांनी आखातातल्या जुमेराच्या वाळूत आपल्या पणजोबांच्या काळचा रँच उभारला होता. लाकडी घर, गोठा, एक गाय. आणि उजाड माळावर पहिल्यांदा वस्ती करायला आलेल्या माणसांचे कपडे घालून दिवसभर तशीच कामं करणारे साहेब आणि मेमसाब. बघायला सगळ्या स्टाफला बोलावणं होतं. स्टोअरकीपर हनीफने घरी बायकोला एवढंच सांगितलं, की साहेबांचं जुनं घर बघायला जायचंय. आता श्रीवर्धनची बाई कुणाच्या घरी पहिल्यांदा रिकाम्या हाताने जाईल होय? रशीदाने पहाटे उठून तांदळाच्या रव्याची सांदणं उकडली.

खरं तर ती आली हेच खूप होतं. येत्या शुक्रवारच्या आगबोटीने ती कायमची गावी परत जाणार होती. भांडण नव्हतं, रडारड नव्हती. गोदामामागच्या त्यांच्या खोलीला शेजार नाही, आणि डबा द्यायला शेजारीण नसेल तिथे आपण राहणार नाही, असं तिने शांतपणे सांगून टाकलं होतं. तिचं ठरलं की ठरलं. उजाड जागीही माणसं रुजतात हे तिने बघावं, एवढीच हनीफची आशा होती.

"यल्ला, चल पुढे," तो कुजबुजला. "हे नाटक आहे. ती अकाउंटंट साहेबांची बायको, एसी बंगल्यात राहते."

"घर खोटं असू दे. बाई तर खरी आहे ना?"

बाईने झाकण उघडलं होतं. एक सांदण तिने उभ्यानेच खाल्लं, मग दुसरं. नाटक विसरून तिने डोळे पुसले आणि हनीफला काहीतरी सांगितलं. इथे आल्यापासून तिच्याकडे कुणी घरचं काही करून आणलं नव्हतं. रशीदाने तिचं नाव विचारून घेतलं. मग हनीफकरवी तिला सांगितलं, की आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. डोरोथीबाईंनी गंभीरपणे मान डोलावली आणि घराचा पत्ता विचारला.

परतताना कंपनीच्या गाडीत हनीफचं लक्ष बायकोच्या मोकळ्या हातांकडे गेलं.

"डबा उद्या ऑफिसातून मागून आणतो. तुझं सामान बांधायचंय."

"मागायचा नाही."

"तुझ्या माहेरचा आहे."

"म्हणूनच."

हनीफ जपून म्हणाला, "डोरोथीबाई पुढच्या आठवड्यात डबा घेऊन येते म्हणाल्यात."

रशीदाने ओढणी नीट केली.

"मग घरात कुणीतरी असायला हवं."