पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे

इस्पितळाच्या धोबीखान्यात घाण कुठे, असं विचारलं की सगळे जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याकडे बोट दाखवायचे. पट्ट्याच्या अलीकडे धुतलेले कपडे, इस्त्रीची टेबलं, खिडक्या, हसणं-खिदळणं. पलीकडे वॉर्डांतून आलेल्या चादरींचे ढीग. रक्त, पू, ओकारी आणि नाव घेऊ नये असं बरंच काही. नियम कडक होता. पलीकडे गेलेली बाई अंघोळ केल्याशिवाय अलीकडे यायची नाही आणि पलीकडची वस्तू उकळल्याशिवाय यायची नाही. नियम चांगलाच होता हो, माणसं तेवढी नासकी होती.

धाकटी तीन आठवडे पलीकडे होती, एकटी. खरं तर चादर झटकायला दोघी लागतात. समोरासमोर चार कोपरे धरायचे, म्हणजे आत अडकलेली सुई, कात्री खाली पडते. पण मुकादमानं तिला जोडीदारीण दिली नव्हती. गुन्हा काय, तर रविवारी सहाजणी एका शिंपिणीच्या खोलीत येशूची प्रार्थना करायला बसतात, हे त्याला कळलं. त्यानं लगेच कागद काढला : 'आमचा ख्रिस्ताशी संबंध नाही, पुन्हा प्रार्थनेला जाणार नाही.' सही करील ती इस्त्रीवर, न करील ती घाणीत. पाचजणींनी केली. त्यात पहिली, धाकटीची सख्खी थोरली बहीण. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते उगाच नाही.

"काय पाद्रीणबाई, वास कसा आहे?" इस्त्रीवरून रोज कुणीतरी विचारायचं आणि बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. गेल्या महिन्यापर्यंत तिच्याच मांडीला मांडी लावून डोळे मिटून बसणाऱ्या या! थोरली तेवढी हसायची नाही. मान खाली घालून एकाच अभ्र्यावर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवायची. धाकटीला शिसारी यायची ती तिचीच.

"अगं, कागदावर नाही म्हटलं म्हणून मनातला देव पळून जातो का?" एकदा फाटकाशी गाठून थोरली म्हणाली.

"मग त्याला मनात डांबून कशाला ठेवलंस, ताई?"

धाकटी काही मोठी शूर नव्हती. पहिल्या दिवशी ती तीनदा ओकली. 'प्रभू, मला हे जमायचं नाही,' एवढीच तिची प्रार्थना. दुसऱ्या दिवशीही तीच, दहाव्या दिवशीही तीच. घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती आणि दोघी याच नोकरीवर जगत होत्या. दोनदा तरी ती सही करायला पट्ट्यापर्यंत आली होती आणि परत फिरली होती.

आज मुकादम नाकाला रुमाल लावून पट्ट्याशी उभा राहिला. नाकानं कांदे सोलणारा माणूस तो!

"मोठ्या साहेबांना सहाही सह्या दाखवायच्यात. आत्ता कर, नाहीतर उद्यापासून फाटकाबाहेर."

लाकडी चिमट्यात धरून त्यानं कागद पुढे केला. आळशी मेला, सगळ्यांचा मिळून एकच कागद केला होता. धाकटीनं तो घेतला. वरचीच सही थोरलीची, ठळक, वळणदार. याच हातानं लहानपणी धाकटीचा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती.

"मुकादम, चादरीची घाण उकळली की जाते. ही कशानं जायची?"

तिनं बोटं सैल केली. कागद ढिगाखालच्या काळपट पाण्यात पडला.

"उचल! दे इकडे!" मुकादमाचा पाय पट्ट्याशी आला आणि तिथेच थांबला.

"उकळल्याशिवाय कसा देऊ? नियम तुमचाच."

इस्त्रीवर कुणीतरी हसलं. या वेळी हसू मुकादमाला होतं. तो लालबुंद होऊन थोरलीवर खेकसला, "तू जा. तुझी बहीण आहे ना? कागद आण आणि अंघोळीला जा."

थोरलीनं इस्त्री उभी ठेवली. ती पट्टा ओलांडून आली, वाकली, नुसत्या हातानं कागद उचलला. शाई पसरली होती, पण तिचं नाव अजून वाचता येत होतं. ती ते बघत राहिली.

"आण लवकर!"

थोरलीनं कागद टराटरा फाडला आणि जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकला. अंघोळीची मोरी डाव्या हाताला होती. तिकडे ती गेलीच नाही. ढिगावरची रक्ताळलेली चादर तिनं ओढली, आपल्या बाजूचे दोन कोपरे धरले.

"धर," ती म्हणाली.

मुकादम रुमालातून ओरडत होता, उद्या दोघींना हाकलतो म्हणून. हाकलणारच होता. धाकटीच्या मनातली शिसारी काही लगेच गेली नव्हती. बहिणीच्या उघड्या बोटांकडे तिनं पाहिलं आणि आपल्या उजव्या हाताचा मोजा काढून पुढे केला.

"आधी हा घाल, ताई. आत सुया असतात."