शेजारचा गडी

“वहिनी, घोंगडं टाका की माझ्या अंगावर. मरतोय मी.”

आग्या मोहोळाच्या माश्यांनी कृष्णातचं डोकं झाकून टाकलं होतं. वर आंब्याला लोंबणाऱ्या पोळ्यावर घारीनं झडप घातली, आणि खाली नेमका हा म्हातारा पहारेकरी सापडला. गुडघे गेलेले, पळणार कुठं? जवळच चिमणाबाई पेटलेल्या पाचोळ्याच्या धुरात उभी होती. या रानात झाडलोट करणारी नगरपालिकेची बाई. घोंगडं तिच्याच खांद्यावर होतं. ती हलली नाही.

संस्थान होतं तेव्हा हे शिकारीचं रान. पाहुण्यांच्या बंदुकीसमोर भेकरं-डुकरं हाकलून आणायला गरिबाची पोरं डबे बडवत रांगेनं चालायची. काहीही होवो, शेजारचा गडी सोडायचा नाही, एवढाच हाक्याचा कायदा. एका हाक्यात चिमणाबाईचा नवरा आकाराम आणि कृष्णात रांगेत शेजारी होते. डुकरानं आकारामला फाडलं. तो भिऊन पळाला म्हणून मेला, असं कृष्णातनं सांगितलं आणि सगळ्या पेठेनं मानलं. आकारामच्या आईनं, विठाबाईनं, मरेपर्यंत पितरांना लेकाच्या नावाचं पान वाढू दिलं नाही. भित्र्याला कसलं पान, म्हणायची. पण शेवटची आंघोळ घालताना चिमणाबाईनं पाहिलं होतं, जखम पोटाला होती. पळणाऱ्याला पाठीवर लागतं. बाईचं ऐकतो कोण?

संस्थान गेलं, डुकरं संपली, रान गावाला फिरायला खुलं झालं. मोर, वानरं आणि मोहोळं तेवढी उरली. कृष्णातला टोपी मिळाली, तिला खराटा. रोज त्याच्यासमोर झाडताना ती मनात म्हणायची, तुला याच मातीत लोळवीन. आज तो लोळत होता.

“आधी बोला भावजी. डुक्कर आलं तवा तुमी कुठं हुता?”

“पाया पडतो, वहिनी.”

“पाया नगं. मोठ्यांदा बोला. झुंबरबाईला ऐकू गेलं पायजे.”

पलीकडच्या वाटेवर झाडणारी झुंबरबाई खराटा धरून थिजली होती. कृष्णातच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या.

“झाडावर चढलतो मी. आकारामनं हाक मारली, मी उतरलो न्हाय. त्यो पळाला न्हाय. जाग्यावर हुबा ऱ्हायला.”

“पुन्हा.”

त्यानं पुन्हा सांगितलं. तिला ते गोड लागलं, यात लपवण्यासारखं काय आहे? आणखी एकदा वदवून घेतलं, मग घोंगडं टाकून त्याला धुरात ओढलं.

तो जगला. संध्याकाळपर्यंत पेठभर झालं. झुंबरबाईनं कसर ठेवली नाही. कालपर्यंत मान फिरवणारी माणसं दारात येऊन आकारामचं कौतुक करू लागली. चिमणाबाईनं कुणाला आत घेतलं नाही. दार लोटलं आणि सासू निजायची त्या कोपऱ्यापाशी जाऊन बसली.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “त्यो पळाला न्हवता.”

ऐकायला विठाबाई नव्हती. चिमणाबाईनं दिवा जवळ ओढला आणि हातात रुतलेले माश्यांचे काटे नखानं काढू लागली.